मुंबई–लंडन हवाई मार्ग : एका सरळ रेषेचा वाकडा इतिहास

पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि लंडन या दोन ठिकाणी टाचण्या रोवून त्यांच्यामध्ये दोरा घट्ट ताणला, तर तो ज्या रेषेवर स्थिरावतो तिला भूगणितात बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर आखलेले वर्तुळ म्हणजे बृहद्वृत्त आणि त्या वर्तुळाचा दोन ठिकाणांमधला लहान तुकडा म्हणजे त्यांच्यातले किमान अंतर. मुंबईचा आजचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो यांच्यामध्ये हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. भिंतीवरच्या सपाट नकाशाची सवय झालेल्या डोळ्यांना ही रेषा अरबस्तान, इजिप्त आणि भूमध्य समुद्र यांवरून जात असावी असे वाटते, परंतु प्रत्यक्षात ती त्यांच्या बरीच उत्तरेला आहे. मुंबईहून वायव्येला निघून ती जवळजवळ कराचीच्या विमानतळावरून जाते, इराण तिरका ओलांडून कास्पियन समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याशी पोचते, आर्मेनिया आणि जॉर्जियाच्या सीमाभागातून काळ्या समुद्रावर येते आणि क्रिमिया, पश्चिम युक्रेन, पोलंड–चेक सीमा व जर्मनी असा क्रम घेत इंग्लंड गाठते. या यादीतील नावे वाचताच लक्षात येते की गेल्या शंभर वर्षांत या संपूर्ण रेषेवरून निर्वेध उडता येईल असा काळ फारच थोडा आला. इंधनाचा पल्ला, परवानगी, डोंगर किंवा युद्ध यांपैकी काही ना काही आडवे येत गेले, आणि मुंबई–लंडन हवाई मार्गाचा इतिहास हा बव्हंशी या रेषेपासून दूर राहावे लागण्याचा इतिहास आहे.

विमानापूर्वीच्या काळाशी तुलना थोडक्यात करता येईल. केप ऑफ गुड होपला वळसा घालून शिडाच्या जहाजाने विलायतेस जायला महिनोन्‌महिने लागत. १८३० साली मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेवरची बोट २० मार्चला मुंबईहून निघून ३३ दिवसांनी सुएझला पोचली, तेव्हा तांबड्या समुद्राची वाट टपालासाठी वापरता येते हे सिद्ध झाले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर पी. अँड ओ. कंपनीच्या मेलबोटी आणि फ्रान्स किंवा इटलीतून जाणारी आगगाडी यांच्या जोडीने हा प्रवास साधारण दोन आठवड्यांवर आला, आणि तिथेच तो पुढे कित्येक दशके थांबला. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले आणि मार्सेलला उतरून १२ सप्टेंबरला लंडनमध्ये दाखल झाले. त्या वेळी कराची ते लंडन ही हवाई सेवा सुरू होऊन दोन वर्षे उलटली होती, तरी मुंबईकराच्या दृष्टीने विलायत अजून दोन आठवड्यांवरच होती.

इंग्लंडहून हिंदुस्थानापर्यंत विमान आणता येते हे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस दिसून आले होते. हँडली पेज कंपनीचे चार इंजिनांचे एक बाँबफेकी विमान १३ डिसेंबर १९१८ रोजी इंग्लंडमधून निघाले आणि वाटेत दुरुस्त्या व मुक्काम करीत जानेवारी १९१९ च्या मध्यावर कराचीला पोचले. म्हणजे हा प्रवास मेलबोटीच्या दुपटीहून अधिक दिवसांचा झाला होता. त्याच विमानाचा पुढे मे महिन्यात काबूलवर बाँब टाकण्यासाठी उपयोग झाला. या पराक्रमातून नियमित वाहतूक उभी राहण्यासाठी आणखी एक दशक जावे लागले, कारण त्यासाठी केवळ विमान पुरेसे नव्हते. दर तीन-चारशे किलोमीटरवर उतरण्याजोगी जागा, पेट्रोलचा साठा, बिनतारी संदेशाचे ठाणे, हवामानाची खबर आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय अशी सगळी साखळी आधी जमिनीवर बांधावी लागणार होती. या साखळीचा पहिला दुवा ब्रिटिश हवाई दलाने १९२१ मध्ये कैरो आणि बगदाद यांच्यामध्ये तयार केला. वाळवंटात वैमानिकाला खूण म्हणून धरता येईल असे काहीही नसल्यामुळे मोटारगाड्यांच्या चाकांची आणि काही भागात चक्क नांगराने पाडलेली रेघ वरून दिसेल अशी आखण्यात आली व तिच्या कडेने उतरण्याच्या जागा खुणा करून ठेवण्यात आल्या. आकाशातल्या मार्गाची आखणी अशी मातीत झाली होती.

इंपीरियल एअरवेज या सरकारी साहाय्याने चालणाऱ्या ब्रिटिश कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून कराचीसाठी साप्ताहिक सेवा सुरू केली. प्रवासाला सात दिवस लागत आणि भाडे १३० पौंड होते. त्या सात दिवसांचा तपशील पाहिला म्हणजे ‘हवाई प्रवास’ हा शब्द त्या काळी किती सैल अर्थाने वापरला जात होता ते कळते. क्रॉयडनला सामानाबरोबर उतारूचेही वजन केले जाई. मग तीन इंजिनांच्या आर्गोसी विमानाने स्वित्झर्लंडमधील बाझलपर्यंत, तिथून रात्रीच्या आगगाडीने आल्प्स ओलांडून इटलीतील जिनोव्हापर्यंत, जिनोव्हाहून ‘कलकत्ता’ जातीच्या फ्लाइंग बोटीने, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या आणि पाण्यावरच उतरणाऱ्या विमानाने, भूमध्य समुद्रावरून अलेक्झांड्रियापर्यंत, आणि इजिप्तमधून पुढे हर्क्युलीस जातीच्या जमिनीवरच्या विमानाने गाझा, रुतबा, बगदाद, बसरा असे करीत इराणी किनाऱ्याने कराचीपर्यंत जावे लागे. रात्रीचे उड्डाण जवळपास नव्हतेच. सूर्य मावळला की विमान उतरे आणि उतारू विश्रामगृहात किंवा वाळवंटातल्या गढीत झोपत. या वाटेची लांबी सुमारे ८,००० किलोमीटर धरली आणि विमानाची सरासरी चाल ताशी १५० किलोमीटर मानली, तर सारा प्रवास हवेतून झाला असता तरी त्रेपन्न-चौपन्न तास पुरले असते. बाकीचे शंभरांवर तास मुक्काम, जेवण, पेट्रोल भरणे, गाडी बदलणे आणि वाट पाहणे यांत जात होते. पुढच्या तीस वर्षांत प्रवासाचा काळ जो घटला तो इंजिनांच्या वाढत्या वेगाइतकाच, किंबहुना काही टप्प्यांवर त्याहूनही अधिक, या जमिनीवरच्या तासांना कात्री लागल्यामुळे घटला ही गोष्ट विमानविद्येच्या गौरवग्रंथांत सहसा मागे पडते.

इटलीचा तुकडा आगगाडीने जाण्यामागे डोंगराची अडचण होती तसे राजकारणही होते. १९१९ च्या पॅरिस करारापासून प्रत्येक राष्ट्राचा आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण हक्क मानला गेला होता, त्यामुळे कोणत्याही देशावरून उडायचे तर त्याची संमती हवी, आणि संमती देणारा तिची किंमत मागणार, हे ओघाने आले. इटलीच्या सरकारशी न जमल्याने १९२९ च्याच अखेरीस कंपनीला युरोपातील मार्ग बदलावा लागला. इराणचे प्रकरण याहून लांबले. आपल्या किनाऱ्याचा वापर इराणने ठरावीक मुदतीसाठीच करू दिला होता आणि मुदत संपल्यावर विमानांनी देशाच्या अंतर्भागातून जावे असा आग्रह धरला. तो मार्ग डोंगराळ असल्याने कंपनीने १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये आखाताच्या पलीकडच्या, अरबी किनाऱ्यावर बस्तान हलवले. तेव्हा शारजा हे मोती काढणाऱ्यांचे छोटे बंदर होते. तिथल्या शेखांशी करार होऊन वाळूत धावपट्टी आणि शेजारी उतारूंसाठी गढीवजा विश्रामगृह उभे राहिले. त्याचे भाडे रुपयांत ठरले, कारण आखातात तेव्हा हिंदुस्थानी रुपयाच चालत असे. आज ज्या आखाती शहरांतून निम्मे जग विमान बदलते, त्यांच्या हवाई महत्त्वाचा आरंभ तेहरानच्या एका नकारात आहे.

जमिनीवरचे मुक्काम टाळण्याचा दुसरा एक उपाय ब्रिटिश सरकारने मोठ्या हौसेने करून पाहिला होता. हायड्रोजन वायूने भरलेल्या अवाढव्य हवाई जहाजाने इजिप्तमध्ये एकच थांबा घेऊन रात्रंदिवस उडत कराची गाठायची, अशी ती योजना होती, आणि त्यासाठी कराचीला दुरून दिसेल असा प्रचंड हँगर व जहाज बांधून ठेवण्याचा मनोरा उभारून झाला होता. ‘आर १०१’ हे जहाज ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी इंग्लंडमधून निघाले आणि काही तासांतच, ५ तारखेच्या पहाटे, उत्तर फ्रान्समध्ये बोव्हेजवळ जमिनीला टेकून पेटले. जहाजावरील ५४ पैकी ४८ जण मृत्यू पावले. त्यांत ब्रिटनचे हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड टॉमसन होते, ज्यांचा जन्म नाशिकचा, आणि नागरी विमानवाहतुकीचे संचालक सर सेफ्टन ब्रँकर हेही होते. लंडनमधील साम्राज्य परिषदेसाठी टॉमसन यांना ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत परत यायचे होते, आणि जहाजाच्या चाचण्या पुऱ्या होण्याआधी ते निघण्यास ही घाई बऱ्याच अंशी कारणीभूत ठरली. ब्रिटनने त्यानंतर हवाई जहाजांचा नाद सोडला. कराचीचा रिकामा हँगर पुढे अनेक वर्षे तसाच उभा होता.

या सगळ्या खटाटोपात मुंबई बाजूला राहिली होती. इंपीरियल एअरवेजचा मुख्य मार्ग कराचीहून दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता असा पूर्वेकडे सरकत होता, कारण त्याचे लक्ष्य सिंगापूर आणि ऑस्ट्रेलिया हे होते. कराची, अहमदाबाद आणि मुंबई ही तिन्ही शहरे त्या वेळी एकाच मुंबई इलाख्यात मोडत (सिंध वेगळा प्रांत झाला तो १ एप्रिल १९३६ रोजी), तरी विलायतेचे विमानटपाल कराचीहून मुंबईला यायचे ते आगगाडीने. ही उणीव हेरली ती ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेल्या नेव्हिल व्हिंटसेंट यांनी, आणि ती भरून काढण्यासाठी त्यांना साथ मिळाली ती जहांगीर रतनजी दादाभॉय, म्हणजे जे. आर. डी. टाटा यांची. हिंदुस्थानात दिलेला पहिला वैमानिक परवाना १९२९ साली त्यांच्या नावावर झाला होता. आगाखानांनी इंग्लंड–हिंदुस्थान हा प्रवास एकट्याने विमान चालवून करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसासाठी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते, त्या शर्यतीत पुढच्याच वर्षी टाटा कराचीहून पश्चिमेकडे आणि सतरा वर्षांचे अस्पी इंजिनियर इंग्लंडहून पूर्वेकडे निघाले होते. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली, तेव्हा स्पार्क प्लगवाचून अडकलेल्या प्रतिस्पर्ध्याला टाटांनी आपल्याजवळचे प्लग दिले. बक्षीस इंजिनियर यांना मिळाले आणि पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास टाटा कराचीच्या ड्रिग रोड धावपट्टीवरून पुस मॉथ या एका इंजिनाच्या लहानशा विमानाने टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले. विमानात रेडिओ नव्हता, दिशा दाखवणारी आधुनिक साधने नव्हती, जमिनीवरून मार्गदर्शन करणारे कोणी नव्हते. अहमदाबादला बर्मा शेलचे पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीने धावपट्टीपर्यंत आले, ते भरून विमान पुन्हा उडाले आणि दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. तिथून व्हिंटसेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा घेतला. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रालगतचे सपाट चिखलवट मैदान होते. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, त्यामुळे ते चार महिने टाटांची विमाने पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या माळावर उतरत असत. सरकारकडून अनुदान नाही, दोन विमाने आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी माणसे एवढ्या भांडवलावर ही सेवा इतक्या नेमाने चालली की विमानवाहतुकीच्या सरकारी अहवालात तिचा आदर्श म्हणून उल्लेख झाला. कराची–मुंबई हा तुकडा जोडला गेल्यामुळे मुंबईचे लंडनपासूनचे अंतर टपालापुरते आठवड्याच्या आसपास आले. भूगणिताच्या दृष्टीने पाहता हा तुकडा लंडनच्या सरळ रेषेचाच पहिला भाग होता. कराची मुंबई–लंडन रेषेवर जवळपास नेमकी बसते हा निव्वळ योगायोग, कारण ते ठाणे निवडताना कोणी मुंबईचा विचार केला नव्हता. कोरडी हवा, सपाट जमीन आणि हिंदुस्थानातले पश्चिमेकडचे पहिले मोठे बंदर एवढ्यावरच तिची निवड झाली होती.

१९३७ नंतर साम्राज्यातील पहिल्या वर्गाचे सगळे टपाल जादा आकाराशिवाय विमानाने नेण्याची योजना अमलात आली आणि त्यासाठी शॉर्ट कंपनीच्या मोठ्या फ्लाइंग बोटी मार्गावर आल्या. त्या पाण्यावर उतरणाऱ्या असल्याने हिंदुस्थानात त्यांचे थांबे राजसमंदसारख्या तलावांवर आणि ग्वाल्हेरला पडत, बंदर असूनही मुंबई पुन्हा वगळली जाई. १ मार्च १९४० रोजी इंपीरियलचे ‘हॅनिबल’ हे विमान हिंदुस्थानातून इजिप्तकडे जाताना ओमानच्या आखातावर आठ जणांसह नाहीसे झाले. त्याच वर्षी इटली दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर भूमध्य समुद्रावरचा मार्ग बंद पडला. युद्धाने एक मार्ग मोडला, मात्र त्याच वेळी लांब पल्ल्याची विमाने, रडार, पक्क्या धावपट्ट्या आणि हवामानाचे जाळे मागे ठेवले. सांताक्रूझचा विमानतळही युद्धकाळातील हवाई दलाच्या तळातूनच वाढला.

ऑगस्ट १९४७ मध्ये कराची परदेशात गेली. त्याआधी टाटांची विमानकंपनी १९४६ मध्ये एअर इंडिया या नावाने सार्वजनिक झाली होती आणि तिच्यातून सरकारच्या भागीदारीने ८ मार्च १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनल ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तीन महिन्यांनी, ८ जून १९४८ रोजी, कॅप्टन के. आर. गझदर यांच्या हाताखाली ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ३५ उतारू घेऊन सांताक्रूझहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला पोचले. एका बाजूचे भाडे १,७२० रुपये होते. कॉन्स्टेलेशनच्या उतारूकक्षात हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखला जाई, त्यामुळे ते बऱ्याचशा खराब हवामानाच्या वरून, सहा-सात हजार मीटर उंचीवरून उडू शके, आणि रात्री थांबण्याची गरज उरली नाही. मुंबई–कैरो–जिनिव्हा–लंडन या टप्प्यांची बेरीज सुमारे ७,९०० किलोमीटर होते, म्हणजे सरळ रेषेहून जेमतेम ७०० किलोमीटर जास्त. एकोणीस वर्षांत वाट फारशी आखूड झाली नव्हती. सात दिवसांचा दीड दिवस झाला तो चाल तिपटीहून अधिक वाढल्यामुळे, रात्र हिशेबात आल्यामुळे आणि मधले वीसेक थांबे दोनांवर आल्यामुळे.

उरलेल्या त्या दोन थांब्यांपैकी एकाची किंमत मात्र जबर होती. जिनिव्हाला दक्षिणेकडून येणारे विमान आल्प्सवरून, माँ ब्लाँ या ४,८०० मीटरहून उंच शिखराजवळून उतरते. ३ नोव्हेंबर १९५० रोजी कैरोहून येणारे ‘मलबार प्रिन्सेस’ ढगांत माँ ब्लाँवर आदळले आणि विमानातील सर्व ४८ जण ठार झाले. उतारूंमध्ये बहुसंख्य जहाजांवर कामाला चाललेले खलाशी होते. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, मुंबईहून दिल्ली आणि बैरुतमार्गे जिनिव्हाकडे येणारे ‘कांचनगंगा’ हे बोइंग ७०७ त्याच शिखरावर, पहिल्या अपघाताच्या जागेपासून जवळच कोसळले. त्यात ठार झालेल्या ११७ जणांत अणुशास्त्रज्ञ होमी भाभा होते. विमानाची जागा दाखवणाऱ्या रेडिओ उपकरणांपैकी एक नादुरुस्त होते. नियंत्रकाने रडारवर पाहून शिखर किती दूर आहे ते कळवले, त्या वाक्यावरून वैमानिकाने शिखर मागे पडल्याचा अर्थ घेतला आणि विमान खाली आणले, असा निष्कर्ष फ्रेंच चौकशीत निघाला. भाभांच्या मृत्यूभोवती कटाच्या कहाण्या अजूनही फिरतात, पण त्यांना या चौकशीत काही आधार सापडत नाही. लंडनची सरळ रेषा जर्मनीवरून, जिनिव्हाच्या कित्येकशे किलोमीटर उत्तरेने जाते. दोन्ही विमाने त्या डोंगरापाशी गेली ती जिनिव्हाला थांबायचे होते म्हणून.

जेट विमानाचे आगमन मुंबईला लवकर आणि काहीशा विचित्र रीतीने झाले. ऑगस्ट १९५२ पासून ब्रिटिश बी.ओ.ए.सी. कंपनीचे कॉमेट विमान लंडनहून रोम, बैरुत, बहारीन, कराची, मुंबई असे करीत कोलंबोला जाऊ लागले. १५ जुलै १९५३ रोजी यांपैकी एक विमान सांताक्रूझ समजून जवळच्याच जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. ते उतरले खरे, पण तिथून उडवायचे कसे हा प्रश्न पडला आणि नऊ दिवसांनी ते तिथून हलवता आले. पुढच्या वर्षी धातूच्या थकव्याने दोन कॉमेट हवेतच फुटल्यावर हा ताफा जमिनीवर आला, आणि जेटचा खरा काळ सुरू झाला तो १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने आल्यावर. हिमालयाच्या शिखरांची नावे ल्यायलेली ही विमाने ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडत. १९७१ मध्ये बोइंग ७४७, म्हणजे जंबो, आल्यावर मुंबईहून लंडनपर्यंत न थांबता जाण्याइतका पल्लाही हाती आला. इथे या इतिहासाला एक वळण लागते. आजची नवी विमाने कमी इंधन पितात, कमी आवाज करतात, पण ७०७ पेक्षा वेगाने उडत नाहीत. आवाजाहून जलद उडणारे काँकॉर्ड जानेवारी १९७६ मध्ये लंडनहून बहारीनपर्यंत आले, परंतु त्याच्या मागोमाग येणाऱ्या स्फोटासारख्या आवाजामुळे भारताने आपल्या भूमीवरून त्या वेगाने उडू दिले नाही आणि सिंगापूरच्या फेऱ्यांना द्वीपकल्पाला समुद्रावरून वळसा घालावा लागला.

वेग गोठल्यावर वेळापत्रक ठरवण्याचे काम दोघांकडे राहिले : वारा आणि हवाई हद्द. विमानकंपन्या प्रवासाचा काळ ‘ब्लॉक टाइम’ने मोजतात, म्हणजे चाकांपुढचा अडसर काढल्यापासून गंतव्याला तो पुन्हा लावेपर्यंतचा वेळ, ज्यात धावपट्टीपर्यंतची रांग आणि हीथ्रोवरच्या घिरट्या धरलेल्या असतात. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा जोरदार पट्टा, ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात, लंडनला जाताना आडवा येतो आणि परतताना पाठीशी असतो, म्हणून जाण्याच्या दहाएक तासांपेक्षा येण्याचे तास तासाभराने कमी असतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो.

हवाई हद्दीचा हिशेब वाऱ्याइतका सरळ नाही. सोव्हिएत संघ होता तोवर सरळ रेषेचा इराणच्या उत्तरेपासून पोलंडपर्यंतचा सारा मधला भाग सोव्हिएत आकाशातून जात होता आणि पाश्चात्य विमानांना तो वर्ज्यच होता. १९४४ च्या शिकागो परिषदेत न उतरता दुसऱ्या देशावरून उडण्याचे आणि केवळ इंधनासाठी उतरण्याचे असे दोन मूलभूत हक्क करारबद्ध झाले होते, पण त्या परिषदेला सोव्हिएत संघ गेलाच नव्हता. त्यामुळे लंडनची विमाने तुर्कस्तान किंवा पूर्व भूमध्य समुद्रावरून जात. भारत आणि पाकिस्तान दोघेही करारात होते, पण त्याचा उपयोग मर्यादित राहिला. पाकिस्तान काबूलकडे जाणारी विमाने अडवते अशी तक्रार भारताने १९५२ मध्येच आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेकडे नेली. जानेवारी १९७१ मध्ये ‘गंगा’ हे इंडियन एअरलाइन्सचे विमान लाहोरला पळवून जाळण्यात आले, तेव्हा भारताने पाकिस्तानी विमानांना बंदी केली आणि तो वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. त्या डिसेंबरच्या युद्धानंतर दोन्ही आकाशे एकमेकांसाठी १९७६ पर्यंत बंद राहिली. तोच प्रकार जानेवारी २००२ ते जानेवारी २००४ मध्ये घडला, फेब्रुवारी ते जुलै २०१९ मध्ये घडला, ज्या काळात एकट्या एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले, आणि २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांसाठी पुन्हा घडला. दिल्लीच्या विमानांना याचा फटका फार बसतो, मुंबईची विमाने अरबी समुद्रावरून ओमानच्या अंगाने वळून पुष्कळसे नुकसान टाळू शकतात. ते वळण म्हणजे १९३२ मध्ये इंपीरियलने धरलेलाच किनारा.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाल्यावर मधला भाग मोकळा झाला आणि काही वर्षे विमाने या रेषेच्या पुष्कळ जवळून उडू शकली. २०१४ मध्ये क्रिमियाभोवतीचे आकाश धोक्याचे ठरले, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनचे सगळे आकाश नागरी विमानांना बंद झाले, आणि इराणवरील वाट कधी चालू तर कधी बंद अशी झाली. १३ जून २०२५ च्या पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि इराणने आपली हवाई हद्द बंद केली. त्या सकाळी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे एआय १२९ हे विमान सुमारे तीन तास हवेत राहून मुंबईलाच परतले, आणि लंडनहून मुंबईकडे येत असलेले एआय १३० व्हिएन्नाला उतरवावे लागले.